फेसवाल्यांचं मशीन

रोज सकाळी शेगडी पेटण्याआधी मामा एका वाटीत साबणाचं पाणी करायचे. दाढीच्या जुन्या ब्रशने ते ढवळून दाट फेस आणायचे, ओट्याखाली वाकायचे आणि गॅसच्या नळीच्या प्रत्येक जोडावर तो फेस लावायचे. मग तिथेच उकिडवे बसून बघत राहायचे. फेस जिथल्या तिथे बसून राहिला तर जोड पक्का. एखादा बुडबुडा फुगायला लागला तर गॅस गळतोय. त्या स्वयंपाकघरात वीस वर्षांत एकही बुडबुडा फुगला नव्हता. तरी मामा रोज बघायचे, आणि मामी चहाचं पातेलं हातात धरून त्यांच्या पाठीमागे उभी राहायची.

"झालं समाधान?"

"आजच्यापुरतं झालं. उद्याचं उद्या."

मामा गॅस कंपनीत होते. सुरुवातीला नळ्या जोडायचे, नंतर दुसऱ्यांनी जोडलेल्या नळ्या तपासायचे. सोबतचे लोक त्यांना फेसवाले म्हणायचे. ते नाव ऑफिसातून गल्लीत आणि गल्लीतून जिन्यापर्यंत आलं होतं. मी शिकायला म्हणून दोन वर्षं त्यांच्याकडे राहिले, तेव्हा पोस्टमनसुद्धा फेसवाले कुठे राहतात असंच विचारायचा.

अंगाने ते भरलेले, मान आखूड, आणि मिशी अशी पल्लेदार की तिची टोकं गालांवर टेकलेली. झोप मात्र कुठेही यायची. न्हाव्याच्या खुर्चीत यायची, लग्नाच्या मांडवात पहिल्या रांगेत यायची, एकदा तर हातात घास असताना आली. नातेवाइकांत तो कायमचा विनोद होता. फेसवाल्यांना उशी लांबूनसुद्धा दाखवू नका, म्हणायचे. मामाही त्यात हसून घ्यायचे. मामी हसायची नाही.

ती बाहेरच्या खोलीत झोपायची, मधलं दार उघडं ठेवून. मामांचं घोरणं भिंतीपलीकडे माझ्याही खोलीत यायचं, म्हणून मी एकदा तिला विचारलं, या आवाजात तुला झोप कशी लागते?

"आवाजात लागते गं," ती मेथीची पानं खुडत म्हणाली. "आवाज थांबला की जाग येते."

मला कळलं नाही. तेव्हा तिने सांगितलं की घोरता घोरता ते मध्येच गप्प होतात. श्वासही थांबतो. ती अंथरुणात पडल्या पडल्या आकडे मोजते. वीस झाले की उठून बसते, तीस झाले की आत जाऊन त्यांचा खांदा हलवते. मग ते पाण्याखालून वर आल्यासारखा मोठा श्वास घेतात, कूस बदलतात आणि पुन्हा घोरायला लागतात. सकाळी त्यांना यातलं काही आठवत नाही.

"त्यांना सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले, स्वप्न पडलं असेल तुला."

हे सगळं असंच चालत राहिलं असतं. पण एका नव्या इमारतीत चौथ्या मजल्यावर मामा दाबाची चाचणी घ्यायला गेले. ही चाचणी अगदी साधी असते. नळीत हवा भरायची, दोन्ही तोंडं बंद करायची, एका टोकाला दाब दाखवणारं घड्याळ लावायचं आणि पंधरा मिनिटं त्याच्या काट्यावर नजर ठेवायची. काटा हलला नाही तर नळी चांगली. घरातल्या बाईंनी बसायला खुर्ची दिली आणि त्या आत गेल्या. मामांना जाग आली तेव्हा वीस मिनिटं होऊन गेली होती. काटा होता तिथेच होता. आजूबाजूला कुणी नव्हतं. खाली सही करून ते निघून आले असते तर जगात कुणालाही पत्ता लागला नसता.

मामांनी कागदावर लिहिलं, "चाचणी चालू असताना मला झोप लागली. चाचणी पुन्हा घ्यावी." आणि त्याखाली सही केली.

तो कागद दुसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलावर गेला. साहेब माणूस वाईट नव्हता. त्याने मामांना बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाला, "फेसवाले, हे लिहायची काय गरज होती?"

"झोप लागली होती साहेब."

"ते कळलं. पण आता हे मी वाचलंय. वाचलं नाही असं कसं करू?"

मामांना तक्रारीच्या टेबलावर बसवण्यात आलं. तीन महिन्यांत हा माणूस कामावर जागा राहू शकतो असं डॉक्टरांचं पत्र आणलं तर पुन्हा लायनीवर; नाही आणलं तर निवृत्तीपर्यंत टेबल. निवृत्तीला दोन वर्षं होती. टेबलावर एक फोन, एक वही आणि भिंतीकडे तोंड. लोक फोन करून सांगायचे की वास येतोय, आणि मामांनी फक्त पत्ता लिहून घ्यायचा. बघायला दुसरं कुणी जायचं. ज्या माणसाचं नाक आणि बोटं तीस वर्षं या कामात मुरली होती, त्याला दुसऱ्याच्या घरातला वास फोनवर ऐकावा लागत होता. घरी आल्यावर ते बोलायचे कमी. एकदा मात्र जेवताना म्हणाले, "आज तेरा ठिकाणी वास आला. एकही मी बघितला नाही."

दवाखान्यात त्यांना एक रात्र तपासणीसाठी ठेवलं. डोक्याला तारा, छातीला पट्टा, बोटाला चिमटा. सकाळी आम्ही घ्यायला गेलो तर कपाळावर चिकटवलेल्या गोंदाचे डाग घेऊन ते पलंगावर बसले होते. "आयुष्यभर लोकांच्या घरात नळ्या जोडल्या," म्हणाले, "काल सगळ्यांनी मिळून उट्टं काढलं."

डॉक्टर तिशीपस्तिशीच्या, हळू आवाजात बोलणाऱ्या होत्या. त्यांनी कागद आमच्याकडे वळवला. मामांचा श्वास झोपेत तासाला सेहेचाळीस वेळा थांबत होता. सगळ्यात मोठा खंड बावन्न सेकंदांचा.

"एकदा खांदा हलवत हलवत मी साठ मोजले होते," मामी म्हणाली.

डॉक्टरांनी मान वर केली. "तुम्ही मोजता?"

"मग काय करू? झोप थोडीच लागणार."

मामा कागदाकडे बघत राहिले. मामीने त्यांना हे अनेकदा सांगितलं होतं, पण छापलेलं त्यांनी आज पहिल्यांदा बघितलं.

डॉक्टरांनी समजावलं की दुखणी दोन आहेत आणि एकमेकांच्या हातात हात घालून चाललीत. झोपेत घसा आतून मिटतो हे एक. आणि पूर्वी वर्षानुवर्षं ओढलेल्या सिगारेटींनी छाती आखडली आहे, त्यामुळे वापरून झालेली हवा पुरती बाहेर पडत नाही, हे दुसरं. सकाळच्या रक्तात ती साठलेली दिसत होती. यावर उपाय म्हणजे मास्क लावून झोपायचं आणि मशीनने हवा द्यायची. मशिनं तीन प्रकारची होती. पहिलं रात्रभर एकाच दाबाने हवा देतं आणि त्या दाबाने घसा उघडा राहतो. दुसरं आपलं आपण दाब कमीजास्त करतं, घसा मिटायला लागला की वाढवतं, मोकळा झाला की उतरवतं. तिसरं दोन दाब ठेवतं, श्वास घेताना मोठा आणि सोडताना छोटा.

"माझ्या मते तुम्हाला तिसरं लागेल," डॉक्टर म्हणाल्या.

"दाब खालीवर होणारं?"

"हो."

मामांनी मान हलवली. "बाई, मी तीस वर्षं लायनीवर आहे. दाब एकसारखा राहतो ती लाइन चांगली. काटा खालीवर व्हायला लागला की समजायचं, कुठेतरी घोळ आहे. मला पहिलं द्या."

"माणूस आणि नळी यात थोडा फरक असतो हो."

"असेल. पण मला नळीच कळते."

डॉक्टर हसल्या. दोन आठवडे पहिलं वापरून बघा म्हणाल्या, आणि वहीत तिसऱ्याचं नाव लिहून ठेवलं.

मशीन घरी आलं ते बघायला वरच्या मजल्यावरचे बेकरीवाले आजोबा उतरले. भट्टीचा धूर आणि पिठाची धूळ यांनी त्यांची फुप्फुसं निकामी केली होती. घरात ऑक्सिजन देणारं मोठं मशीन होतं आणि नाकात नळी असायची. ती लांब नळी लावून ते घरभर फिरायचे. जिना उतरायचा तर नळी काढावी लागे, म्हणून आमच्याकडे आले की त्यांचं बोलणं घाईचं असे.

"हे काय देतं?" त्यांनी विचारलं.

"हवा."

"नुसती हवा?" आजोबा खुर्चीवर बसून धापा टाकत हसले. "हवा तर खिडकीतून फुकट येते रे. माझं बघ, निवडक माल. ऑक्सिजन. मी सांगतो, माझं जुनं मशीन माळ्यावर पडलंय, ते घेऊन जा. हे थोबाडाला लावायचं सोंग नको की काही नको. दोन बारीक नळ्या नाकात, की झोप बाळासारखा."

"आधी हे बघतो," मामा म्हणाले.

आणि त्यांनी ते त्यांच्या पद्धतीने बघितलं. त्याच संध्याकाळी मशीन टेबलावर ठेवलं, मास्क एका पालथ्या पातेल्यावर घट्ट बसवला, बटण दाबलं आणि वाटीत फेस केला. मला म्हणाले, "टॉर्च धर." मशीन आणि नळी यांच्या जोडावर फेस लावला, तो जागचा हलला नाही. नळी आणि मास्कच्या जोडावर लावला, तिथेही नाही. मग मास्कच्या पुढच्या भागावर ब्रश फिरवला आणि फेस फुर्रकन उडून माझ्या चष्म्यावर आला. तिथे सुईच्या टोकाएवढी भोकं होती, ओळीने कोरलेली.

मामांच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांनी उजेड आला. "बघितलंस? नवं कोरं मशीन आणि मास्कला गळती. कारखान्यातून असंच बाहेर पडलंय. कुणी तपासत नाही." त्यांनी कामाच्या पिशवीतून नळांच्या आट्यांवर गुंडाळायची पांढरी टेप काढली, दोन-तीन पदरी घडी करून भोकांवर बसवली आणि वरून चिकटपट्टी लावली. पुन्हा फेस लावला. आता एकही बुडबुडा नाही.

"झालं," ते म्हणाले. "आता हवा जाईल तर माझ्यातच जाईल."

टॉर्च मी धरला होता. मलाही ते बरोबरच वाटलं.

त्या रात्रीपासून घोरणं थांबलं. घर इतकं शांत झालं की फ्रिजचा आवाज ऐकू यायला लागला. मामी सलग झोपली, किती वर्षांनी कोण जाणे. सकाळी तिचा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. पण मामा उठले ते डोकं धरून. डोळे लाल, कपाळ घामेजलेलं. पहिल्या दिवशी म्हणाले, सवय नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाले, मास्कचे पट्टे आवळले गेले असतील. पाचव्या दिवशी ऑफिसात फोनवर बोलता बोलता त्यांना झोप लागली. पलीकडची बाई "हॅलो, हॅलो, वास येतोय" म्हणत राहिली. शेजारच्या टेबलावरच्याने फोन उचलला म्हणून निभावलं.

आठव्या दिवशी सकाळी मामी चहाचं पातेलं घेऊन त्यांच्या मागे उभी होती. नेहमीपेक्षा बराच वेळ गेला. तिने वाकून बघितलं. मामा उकिडवे बसून, ओट्याखालच्या कपाटाच्या दाराला डोकं टेकून झोपले होते. हातातल्या ब्रशवरचा फेस गळून जमिनीवर पडला होता. मामीने ब्रश हळूच काढून घेतला. त्यांना हलवून जागं केलं, हात धरून खुर्चीवर आणून बसवलं. मग माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आवाज नाही म्हणून मी आपली खुशाल झोपले. मोजायला हवं होतं मी."

"पण आवाज नाही म्हणजे श्वास चालू होता ना मामी."

"मग हे असे का होतायत?"



मामांनी त्यांचं उत्तर काढलं होतं. "हे मशीन माझ्या नशिबात नाही. बेकरीवाले म्हणतात तेच खरं. आज त्यांचं माळ्यावरचं काढून आणतो."

आजोबा खूश झाले. कपड्याने पुसून ठेवतो म्हणाले.

मामी सहसा कशाला नाही म्हणत नसे. त्या दिवशी तिने मास्क, नळी आणि मशीन एका कापडी पिशवीत भरलं, पदर खोचला आणि दाराशी जाऊन उभी राहिली. "अहो, चपला घाला."

"कुठे?"

"दवाखान्यात. आधी विचारायचं, मग आणायचं तुमच्या आजोबांचं."

"तारीख अजून सहा दिवसांनी आहे."

"मी तारखेला नाही चालले. मी आत्ता चाललेय."

मामांनी चपला घातल्या. मी रिक्षा बघायला पुढे गेले.

डॉक्टर नव्हत्या. मशीन शिकवणारी टेक्निशियन होती, माझ्यापेक्षा फार तर दोनेक वर्षांनी मोठी, केस वर बांधलेली, बोलायला फटकळ. तिने मशीनमधलं बोटाच्या नखाएवढं कार्ड काढून कॉम्प्युटरला लावलं. आठ रात्रींच्या रेघा पडद्यावर आल्या.

"वापर छान आहे काका. सात तास, सव्वासात तास. घसा मिटणंही कमी झालंय." मग ती थांबली, खुर्ची पुढे ओढली. "ही गळती मिनिटाला चारच लिटर?"

"हो," मामा एवढ्या डोकेदुखीतही ताठ बसले. "पक्कं केलं मी."

"नाही, काका. या मशीनवर तो आकडा पंचवीस-तीसच्या खाली येतच नाही. यायलाच नको. मास्क बघू."

मामीने पिशवीतून मास्क काढून दिला. टेक्निशियनने तो उलटा केला, सुलटा केला आणि पांढऱ्या टेपवर बोट ठेवलं. तिने टेपचं टोक नखाने उचकटलं आणि अख्खी घडी ओढून काढली.

"ही भोकं कुणी बुजवली?"

"मी. गळत होती."

"टॉर्च मी धरला होता," मी म्हणाले. एवढं तरी मला म्हणायलाच हवं होतं.

तिच्या तोंडावर राग आला होता, पण मामांच्या लाल डोळ्यांकडे बघून तिने तो गिळला. मास्क टेबलावर ठेवला. "काका, तुम्ही काय काम करता?"

"गॅसच्या लायनी तपासतो."

"गॅसचे गिझर बघितले असतील."

"शेकड्यांनी."

"त्याच्या वर एक धुराडं असतं. बाथरूमच्या बाहेर काढतात. थंडी येते म्हणून कुणी ते बुजवलं तर?"

मामांनी लगेच तोंड उघडलं. याचं उत्तर ते झोपेतही देऊ शकले असते. लोकांच्या घरी जाऊन ते हेच सांगायचे, की खिडकी बंद करू नका, धुराड्यात कापड कोंबू नका, आत माणूस गुदमरेल. असं बुजवलेलं दिसलं की ते जोडणी तोडून, मोकळं करा मग बोलवा असं सांगून निघून यायचे. भांडणं व्हायची, तरी यायचे. पण आता ते टेबलावरच्या त्या बारीक भोकांकडे बघत राहिले.

"सोडलेला श्वास जायला वाट," ते शेवटी म्हणाले.

"हो. मशीन आत देत राहतं. तुम्ही सोडलेलं या भोकांतून जातं. तुम्ही वाट बंद केली, आणि रात्रभर स्वतःचीच वापरलेली हवा पुन्हा पुन्हा घेतली. तुमच्या रक्तात ती आधीच जास्त आहे. डोकं दुखणार नाही तर काय होईल?"



"आणि मी आज ऑक्सिजनचं मशीन आणणार होतो," मामा म्हणाले.

"आणलं असतं तर बोटावरचा आकडा छान दिसला असता आणि श्वास आणखी मंदावला असता. तुमचं दार मिटतंय काका. खोलीत कितीही चांगली हवा भरली तरी मिटलेल्या दारातून आत कशी जाणार? ज्यांना ते मशीन लागतं त्यांचं दुखणं वेगळं."

मामांनी दोन्ही तळव्यांनी तोंड पुसलं. मी त्यांना रडताना कधी बघितलं नव्हतं आणि तेव्हाही ते रडले नाहीत. पण नंतर जे बोलले ते आमच्यापैकी कुणाला उद्देशून नव्हतं. "दुसऱ्याच्या घरात मी हे केलं असतं तर? झोप लागली ते परवडलं. हे मी जागेपणी केलंय."

मला वाटलं, आता ते स्वतःच साहेबांकडे जाऊन सांगतील की मला टेबलच बरं.

टेक्निशियनला बहुधा तसं काही दिसलं असावं. ती उठली आणि कपाटातून दुसरं मशीन घेऊन आली. "डॉक्टरांनी लिहून ठेवलंय. आता बसल्या बसल्या लावून बघा. झोपायचं नाही, नुसतं बघायचं." तिने मास्क बांधला, भोकांवर त्यांचंच बोट नेऊन ठेवलं आणि त्यांना वारा लागू दिला. मग म्हणाली, घ्या श्वास. आता सोडा.

मामांनी घेतला, सोडला. परत घेतला. भुवया वर गेल्या. चार-पाच श्वासांनंतर त्यांनी मास्क खाली ओढला.

"मी सोडायला लागलो की हे मागे हटतं."

"हो."

"याला कसं कळतं मी कधी सोडणार?"

"आधी नाही कळत. तुमच्याकडे लक्ष ठेवून असतं. तुम्ही ओढायला लागलात की देतं, सोडायला लागलात की मागे सरतं. पहिल्या मशीनवर तुम्ही सोडतानाही समोरून तेवढाच जोर येत होता. तुमच्या छातीला तो जड जातो."

"म्हणजे काटा खालीवर होतो तो माझ्यामुळे."

"तुमच्या तालावर."

मामा मामीकडे बघून म्हणाले, "घरी पण असं कुणीतरी हवं होतं."

"तीस वर्षं दुसरं काय करतेय मी?" मामी म्हणाली. टेक्निशियन हसली, आणि त्या खोलीतली हवा हलकी झाली.

निघताना तिने बजावलं की भोकांना हात लावायचा नाही. फेस लावायचाच असेल तर मास्कची कड गालाला टेकते तिथे लावा. तिथून हवा गेली तर ती खरी गळती. मामांनी हे मनावर घेतलं. त्या संध्याकाळी मास्क चढवून, मशीन चालू करून ते आरशासमोर उभे राहिले आणि ब्रशने स्वतःच्या तोंडाभोवती फेस लावला. नाकाच्या बाजूला काही नाही, हनुवटीखाली काही नाही. पण दोन्ही गालांवर, मिशीची टोकं कडेखाली जात होती तिथे, बुडबुड्यांची रांग लागली. त्यांनी ती नीट बघितली, मशीन बंद केलं, मास्क काढला. फेस लागलेलाच होता. दाढीचं सामान मागवलं.

मामी पोळ्या लाटत होती. मामा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले तेव्हा तिचं लाटणं थांबलं. वरचा ओठ उघडा, पांढुरका, लहान मुलासारखा दिसत होता.

"कोण पाहिजे आपल्याला?" तिने विचारलं.

"फेसवाले इथेच राहतात ना?"

"राहायचे. त्यांना मिशी होती."

बेकरीवाले आजोबा दोन दिवस रुसले. त्यांनी माळ्यावरचं मशीन खरोखरच पुसून ठेवलं होतं. "म्हणजे माझं वाईट?" त्यांनी विचारलं.

"तुमचं तुम्हाला चांगलं," मामा म्हणाले. "तुमची फुप्फुसं वेगळी, माझा घसा वेगळा." मग ते वर जाऊन आजोबांच्या लांब नळीचे सगळे जोड बघून आले. ऑक्सिजनजवळ आग नको म्हणून त्या घरातली शेगडीही त्यांनी मशीनपासून लांब सरकवून घेतली. हे मागेच करायला हवं होतं, असं आल्यावर मला म्हणाले.

पुढचे आठवडे काही चमत्काराचे नव्हते. पहिल्या चार रात्री मामांनी मास्क झोपेत ओढून टाकला. नाकावर लाल वळ उठला. एकदा पट्टे इतके सैल ठेवले की हवेच्या फुसफुसण्याने मामीलाच जाग आली. ती आता आतल्या खोलीत झोपायला लागली होती. ती म्हणायची, सवयीने अजून मोजते, पण पाचच्या पुढे जाताच येत नाही. डोकेदुखी दुसऱ्या आठवड्यात गेली. महिनाभराने मामांनी संध्याकाळी अख्खं वर्तमानपत्र वाचलं, शेवटच्या पानापर्यंत, आणि घडी घालून विचारलं, "आणखी काही आहे का वाचायला?" मी त्यांना माझं एक पुस्तक दिलं. ते दहा पानांनी परत आलं. यात सगळे उगाच गप्प बसतात, म्हणाले.

पत्रासाठी शेवटची परीक्षा दिवसाउजेडी होती. अर्धवट अंधाराच्या खोलीत चाळीस मिनिटं खुर्चीत बसायचं, काही वाचायचं नाही, बोलायचं नाही, आणि झोपायचं नाही. असं दिवसातून चार वेळा. आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. मामीने आणलेली लोकर विणायला काढली आणि चारही वेळा एकही टाका घातला नाही. चौथ्या वेळी दार उघडलं तेव्हा मामा डोळे चोळत बाहेर आले. मामी चटकन उठून उभी राहिली.

"उजेड," ते म्हणाले. "डोळ्यावर उजेड आला."

डॉक्टरांनी पत्र दिलं. मशीन रोज वापरलं जात असेल तोवर हा माणूस कामावर जागा राहण्यास योग्य आहे, अशा अर्थाच्या चार ओळी. दर तीन महिन्यांनी कार्ड दाखवायचं. मामांनी पत्र दोनदा वाचलं आणि "असेल तोवर" या शब्दांवर बोट ठेवून म्हणाले, हे बरोबर लिहिलंय. साहेबांना पत्र दिलं तेव्हा मुदतीचे सहा दिवस उरले होते. मास्कची भोकं बुजवल्याची गोष्टही मामांनी साहेबांना सांगून टाकली. साहेबाने कपाळाला हात लावला. "फेसवाले, काही गोष्टी घरी ठेवत चला," म्हणाला, आणि लायनीचा आदेश काढला.

पहिल्याच दिवशी मामा डबा विसरले. मामीने मला पत्ता देऊन पाठवलं. जुन्या चाळवजा इमारतीत पहिल्या मजल्यावर दार उघडं होतं. मी आत गेले तर एक वयस्क बाई जमिनीवर बसून शेंगा सोलत होत्या आणि मामा ओट्याशी उभे होते. भिंतीवरच्या नळीला दाबाचं घड्याळ लावलेलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. हातानेच थांब म्हणून सांगितलं.

मी दाराशी थांबले. खाली रस्त्यावर कुणीतरी लोखंडी शटर वर ढकललं. शेंगा एकेक करून ताटात पडत होत्या. खिडकीतलं ऊन ओट्यावर होतं, मामांच्या हातावर होतं, काट्याच्या काचेवर होतं. त्यांचे डोळे उघडे होते आणि त्या काट्यावरून हलत नव्हते. मी त्यांना इतका वेळ एखाद्या गोष्टीकडे बघताना पाहिलं नव्हतं. छाती भरायची आणि रिकामी व्हायची, घाई नसलेल्या माणसासारखी.

पंधरा मिनिटं झाली. काटा हलला नव्हता. मामांनी घड्याळ काढलं, नळी पुन्हा जोडली, जोडावर फेस लावून बघितला, कागद भिंतीवर धरून लिहिला आणि खाली सही केली. मग बाईंनी ताट बाजूला सरकवून विचारलं, चहा ठेवू का?

"नको, मी डबा आणलाय. म्हणजे, हिने आणलाय. एखादं जुनं फडकं असेल तर द्या, तुमचा ओटा ओला झालाय."